फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त येतं, स्वतःचं येत नाही

वीस वर्षं मराठी शिकवतेय, त्यात "माझी आई" हा निबंध किती वेळा तपासला याचा हिशोब नाही, हजारेक आया तरी माझ्या हाताखालून गेल्या असतील आणि गंमत म्हणजे त्या सगळ्या एकच आहेत. ती पहाटे उठते, सडा-रांगोळी करते, देवपूजा करते, मग मुलाला प्रेमाने उठवून गरम दूध देते, तो आजारी पडला की रात्रभर उशाशी बसते, आणि शेवटी ती तिन्ही जगाच्या स्वामीची ठरलेली ओळ आली की झाला निबंध. आमचा भाग धुळे-नंदुरबारकडचा. दिवाळी झाली की गावंच्या गावं उसाला जातात, बारडोली-सुरतच्या बाजूला, ती थेट होळीला नाहीतर त्याच्याही नंतर परततात. अशाच एका डिसेंबरात नववीतल्या एका मुलाने मला हाच निबंध लिहून दिला, सडा, रांगोळी, गरम दूध सगळं जिथल्या तिथे, अक्षर मोत्यासारखं, मी आठपैकी सात दिले. त्याची आई तेव्हा दोन महिने झाले गुजरातेत फडावर होती. मुलगा आजीजवळ राहतो, आजीला दिसत नाही म्हणून भाकरी स्वतः थापतो, हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी सात दिले. एक मार्क कापला तो शुद्धलेखनासाठी.

त्या सातचा मला राग यायला बरीच वर्षं लागली.

आता बघा, गेली पाच-सहा वर्षं आपण मराठीवरून केवढं भांडलोय. 2020 ला सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी सक्तीचा कायदा झाला, 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले, स्टेटस ठेवले, मग एप्रिल 2025 ला पहिलीपासून हिंदीचा जीआर आला, त्यावर महाराष्ट्र पेटला आणि 29 जूनला तो मागे घ्यावा लागला. मीही त्या भांडणात होते, माझीही पोस्ट होती, आणि परत वेळ आली तर परत भांडेन. पण या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कुणीच विचारला नाही, की बाबा मुलाने मराठी शिकायची हे ठरलं, पण त्या मराठीत त्याने स्वतःबद्दल काय बोलायचं? का फक्त आमच्याच ओळी आम्हाला परत म्हणून दाखवायच्या?

आपल्या शाळेतल्या लेखनाकडे जरा लांबून बघितलं तर हसू येतं. आत्मवृत्त हा प्रकार आपल्याला भयंकर आवडतो. फाटकी छत्री बोलते, पुस्तक बोलतं, नदी बोलते, वडाचं झाड बोलतं, बंद पडलेला गिरणीचा भोंगा बोलतो. चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं आख्ख्या शाळेच्या काळात पन्नास वेळा "मी" म्हणून लिहितं आणि त्या पन्नासातला एकही मी तो स्वतः नसतो. छत्रीला व्यथा असतात, शेवटी संदेशसुद्धा असतो, पोराला मात्र काहीच नसतं. मग प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली तेव्हा मला खरंच आनंद झाला होता, कारण त्यात "स्वमत" आणि "अभिव्यक्ती" असे प्रश्न होते, म्हटलं आता घोकंपट्टीला चाप बसेल, आता पोरांना स्वतःचं म्हणून काहीतरी लिहावंच लागेल. दुसऱ्याच वर्षी एका मुलीच्या दप्तरात गाईड बघितलं, त्यात स्वमत छापलेलं होतं. स्वमत! बाजारात विकत मिळणारं, पाठ करायचं, आपलं स्वतःचं मत. मी ते पान कितीतरी वेळ नुसतं बघत बसले होते.

मला म्हणायचंय ते एवढंच, की साहित्य शिकवायचं ते मुलाला स्वतःकडे बघता यावं म्हणून, आणि ते बघणं लिहिण्यातूनच होतं, आधी कळलं आणि मग लिहिलं असं क्वचितच होतं. पण हे "मी कोण" प्रकरण आजकाल शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्येही येतं आणि तिथे त्याचं जे काही होतं ते बघून मला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटते. चार्ट पेपरवर सूर्यफूल काढा, मधे तुमचं नाव लिहा, पाकळ्यांमध्ये तुमचे गुण लिहा, स्केचपेन वापरा. मी प्रेमळ आहे, मी मेहनती आहे, मला चित्रकला आवडते. चाळीस शिक्षकांनी चाळीस सूर्यफुलं काढली, भिंतीवर लावली, फोटो काढून ग्रुपवर टाकले आणि जेवायला गेलो. हे गाईडमधलंच स्वमत आहे, फक्त त्याला पाकळ्या आहेत.

आपल्याकडे शब्दही बघा कसे आहेत. एक अस्मिता आणि एक ओळख. अस्मिता हा शब्द आता मोर्च्याचा झालाय, तो उच्चारला की झेंडा दिसतो, पाटी दिसते, कुणीतरी कुणाच्या तरी कानाखाली वाजवलेली दिसते. अस्मिता तयार मिळते, ती फक्त मिरवायची किंवा दुखावून घ्यायची. ओळख तसं नाहीये. "त्यांची माझी ओळख आहे" असं आपण म्हणतो, "आवाजावरून ओळखलं" म्हणतो, "अंधारात ओळखूच आला नाहीस" म्हणतो. ओळख हे काम आहे, ते करावं लागतं, वेळ लागतो, चुकूही शकतं. मला वर्गात हवी आहे ती ओळख. अस्मिता मुलांना बाहेर फुकट मिळते, त्यासाठी शाळेची गरज नाही.

आणि हे काही परदेशातून आणलेलं फॅड आहे असं कुणाला वाटत असेल तर त्याने 1855 सालात जावं. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी एक मांग समाजातली मुलगी, मुक्ता साळवे, वय चौदाच्या आसपास, जेमतेम तीनेक वर्षं शिकलेली, तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध "ज्ञानोदय"मध्ये छापून आला. त्याला आता 170 वर्षं होऊन गेली. विद्यार्थ्याचा निबंध म्हणून तो आपल्या प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी वाचावा असं मला वाटतं, कौतुकासाठी नाही, तो लिहिलाय कसा ते बघायला. ती पोर असं म्हणत नाही की मी खूप दुःखी आहे. ती म्हणते की वेद आमचेच असं जर ब्राह्मण म्हणत असतील आणि आम्हाला ते बघायचाही अधिकार नसेल, तर मग आमचा धर्मग्रंथ कुठे आहे, आम्ही धर्मरहित झालो की नाही, आणि मग देवालाच विचारते की बाबा आमचा धर्म कोणता ते तू तरी सांग. हा वकिली मुद्दा आहे! मग ती पेशवाईतल्या गोष्टी सांगते, इमारतीच्या पायात माणसं पुरल्याच्या, तालमीसमोरून गेला म्हणून कापलेल्या डोक्याचा चेंडू केल्याच्या. आणि मग ती आपल्या बायकांच्या बाळंतपणावर येते, डोक्यावर छप्पर नाही आणि वरून पाऊस, थंडी. त्या जागी आलं की कुठल्या अलंकाराची गरज उरत नाही. तिच्या निबंधात "मी" फार कमी आहे, "आम्ही" आहे, पण ती स्वतः प्रत्येक ओळीत उभी आहे.

आता विचार करा, हीच मुलगी आज माझ्या वर्गात असती आणि मी फळ्यावर "माझा आवडता सण" असं लिहून दिलं असतं तर तिने काय लिहिलं असतं? दिवाळी. फराळ, आकाशकंदील, उटणं. सात मार्क.

म्हणजे प्रश्न मुलांचा नाहीये, आणि खरं सांगू का, पाठ्यपुस्तकाचाही म्हणावा तेवढा नाहीये. बालभारतीला शिव्या देणं सोपं आहे पण 1967 पासून या पुस्तकांनी किती घरांमध्ये पहिली छापील कविता पोचवली हे विसरता येत नाही, आणि त्यात संत आहेत, बहिणाबाई आहेत, दलित लेखक आहेत, गावाकडचं बोलणं आहे. माल चांगला आहे. पण त्याखाली जे प्रश्न येतात ना, चौकटी पूर्ण करा, आकृतिबंध भरा, काव्यसौंदर्य लिहा, ते त्या मालाची पार पूड करून टाकतात.

चोखोबांचा अभंग घ्या. "ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा। काय भुललासी वरलिया रंगा॥" रसग्रहण ठरलेलं असतं, संत चोखामेळा सांगतात की बाह्य रूपाला भुलू नये, अंतरंग महत्त्वाचं, ऊस-नदी-धनुष्य अशी व्यवहारातली उदाहरणं, साधी सोपी भाषा, मनाला भिडते. सगळं बरोबर आहे आणि सगळं मेलेलं आहे. हा माणूस महार होता, चौदाव्या शतकात मंगळवेढ्याला कुसवाचं बांधकाम करताना भिंत कोसळून त्याखाली गेला, ज्या विठोबावर त्याने अभंग रचले त्याच्या देवळात त्याला पाऊल टाकता आलं नाही, समाधीसुद्धा पायरीपाशी बाहेर, आणि त्याच्या लोकांना ते दार उघडायला 1947 साल उजाडावं लागलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. "वरलिया रंगा" कोण भुललं होतं, कुणाच्या बाबतीत? हे न विचारता तो अभंग शिकवणं म्हणजे ऊस न सोलता चघळायला देणं.

एका वर्षी मी हे विचारलं. वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ते पाणी वरून ओततात तसं का?" मला वाटलं होतं मी इतिहास शिकवतेय. तो आदल्या आठवड्यातल्या एका मळ्यावरचं सांगत होता. वर्गात कुणी हसलं नाही, कुणी वर बघितलंही नाही, आणि मलाही पुढे काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी म्हटलं लिहा, जे आठवतंय ते लिहा, मार्क नाहीत, नाव घातलं नाही तरी चालेल. ज्याने प्रश्न विचारला त्याने काहीच लिहिलं नाही, त्याचं बोलून झालं होतं. पण एका कागदावर, अक्षरावरून मी ओळखलं की हा चांगल्या खात्यापित्या बागायतदार घरातला मुलगा, त्यावर असं होतं, की आमच्या मागच्या ओट्यावर कोनाड्यात एक कप वेगळा असतो, कान तुटलेला, तो कुणाचा हे मला घरात कुणी कधी सांगितलं नाही पण मला लहानपणापासून माहीत आहे, आणि मी तो कधी उचललेला नाही. बस, तेवढंच.

मला विचाराल तर वीस वर्षांत माझ्या हातात आलेलं सगळ्यात मोठं लेखन ते आहे. कारण आपण ही "ओळख" वगैरे भानगड फक्त गरीब, दलित, आदिवासी मुलांच्या वाट्याला टाकून देतो, की त्यांनी आपली व्यथा सांगावी आणि बाकीच्यांनी हळहळावं. ज्याच्या घरात तो कप आहे त्याने आपण कोण हे शोधायला नको? उलट त्यालाच जास्त गरज आहे, त्याला तर आपल्याला जात आहे हेच बारावीला दाखल्याच्या रांगेत दुसऱ्यांच्या हातातले कागद बघेपर्यंत माहीत नसतं, त्याला वाटतं जात असते ती फक्त त्यांना.

बोलीचं सांगायचं राहिलं, आणि तिथे माझा स्वतःचा गुन्हा मोठा आहे. आमच्या मुलांच्या घरात अहिराणी, काहींच्या भिलोरी, पावरी. एकाने कधीतरी लिहिलं होतं, "मन्ही माय उसतोडले गयेल शे." मी लाल पेनाने खोडून वर लिहिलं, "माझी आई ऊसतोडीला गेली आहे." आणि त्याच तासाला, अगदी त्याच तासाला, मी बहिणाबाई शिकवल्या. आता बहिणाबाई काय होत्या? त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात, जात्यावर, चुलीपाशी जे ओठावर आलं ते घरच्यांनी टिपून ठेवलं, त्या 1951 च्या डिसेंबरात गेल्या आणि पुढच्या वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं तेव्हा महाराष्ट्राला कळलं की जळगावकडच्या लेवा बोलीत केवढं काही बोलता येतं. हे मी मुलांना डोळ्यात पाणी आणून सांगत होते आणि माझ्या हातात लाल पेन होतं. बहिणाबाई माझ्या वर्गात असत्या तर शुद्धलेखनात नापास.

यावर एका बापाने मला गप्प केलं होतं ते सांगायलाच हवं. मी मुलांना बोलीत लिहायला लावते हे कळल्यावर तो शाळेत आला, चप्पल दाराबाहेर काढून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, आम्ही असं बोलतो म्हणून तर आम्हाला हापिसात कुणी उभं करत नाही. तुम्ही पोराला तेच लिहायला शिकवता?" याला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं आणि अजूनही पूर्ण नाही. शहरातल्या सभेत बोलीचं कौतुक करणाऱ्यांची स्वतःची मुलं इंटरनॅशनल शाळेत असतात, त्यामुळे त्या बापाला शंका येणं साहजिक आहे. प्रमाण मराठी त्याच्या पोराला यायलाच हवी, अर्ज लिहायला, भांडायला, कोर्टात उभं राहायला, आणि इंग्रजीही हवी. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. पहिला खर्डा ज्या भाषेत रडू येतं, हसू येतं त्या भाषेत होऊ द्या, लाल पेन नंतर येऊ द्या. जो मुलगा पहिल्याच ओळीला खोडला जातो तो प्रमाण मराठी शिकत नाही, तो गाईड शिकतो, कारण गाईडमध्ये खाडाखोड नसते. मी त्या बापाला हे असंच सांगितलं, त्याला पटलं की नाही माहीत नाही, तो "बरं" म्हणून गेला.

मग मी काय करते? काही ग्रेट नाही. वहीची मागची पानं. तिथे लिहिलेलं तपासलं जात नाही, फक्त वाचलं जातं, तेही मुलाने दुमडून ठेवलं नसेल तर. विषय असे द्यायचे की त्यांचं उत्तर गाईडमध्ये असूच शकत नाही. तुमच्या घरातल्या फळीवर काय काय आहे, डावीकडून उजवीकडे. शेवटचं खोटं कधी बोललात. गावातल्या कुठल्या रस्त्याने तुम्ही जात नाही आणि का. आणि माझा सगळ्यात आवडता म्हणजे तुम्हाला कोण कोण कशी हाक मारतं ते सगळं लिहा. यात जे बाहेर येतं ना! हजेरीत एक लांबलचक नाव, घरी दुसरं, आजी मेलेल्या काकाच्या नावाने हाक मारते, फडावर गुजराती मालक नुसतं "ए छोकरा" म्हणतो, आणि मुलं जे म्हणतात ते इथे छापता येणार नाही. एका मुलीने लिहिलं की मला घरात नावाने कुणी हाकच मारत नाही, "अगं" म्हणतात. एवढ्या एका प्रश्नातून नाव म्हणजे काय, ते कोण देतं, कोण काढून घेतं, इथपर्यंत वर्ग आपोआप येतो, आणि मग साहित्य शिकवायला मजा येते. तेव्हा सांगता येतं की नारायण सुर्वे हे नाव त्यांना एका गिरणी कामगाराने दिलं, रस्त्यावर सापडलेलं मूल उचलून घरी नेणाऱ्या गंगाराम सुर्व्यांनी, आणि तो मुलगा पुढे शाळेत शिपाई झाला, मग शिक्षक झाला आणि 1995 ला परभणीच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. तेव्हा सांगता येतं की शरणकुमार लिंबाळ्यांच्या 1984 च्या "अक्करमाशी"त शाळेत घालताना बापाचं नाव काय लावायचं हाच केवढा मोठा पेच आहे. आणि आत्ता 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचा नियम झालाय, तर त्या रकान्यासाठी कुणाकुणाला काय काय सोसावं लागलं हे कळल्यावर पोरं जन्माचा दाखला वेगळ्या नजरेने बघतात. कविता आणि जीआर एकाच तासात येतात, मला तर ते फार आवडतं.

ज्याची आई फडावर होती त्या मुलाचंही मागच्या पानावर आलं एकदा, पुढच्या वर्षी. नऊ ओळी होत्या. रविवारी मुकादमाच्या फोनवरून आईचा फोन येतो, मुकादम बाजूलाच उभा असतो म्हणून ती जास्त बोलत नाही, "जेवला का" विचारते, मी "हो" म्हणतो, मग ती आजीला दे म्हणते, आजीला ऐकू येत नाही म्हणून आजी नुसतं "हां हां" करते, आणि फोन कट होतो. एकही विशेषण नाही. प्रेमळ नाही, वात्सल्यमूर्ती नाही. मी मार्क दिले नाहीत, द्यायचे नव्हतेच, खाली लिहिलं, "फोन कट झाल्यावर तू काय करतोस?" त्याने दुसऱ्या दिवशी एक शब्द लिहून वही परत दिली, "भाकरी."

आता याच्यातला धोका. आणि तो मोठा आहे, मी स्वतः त्यात पडलेय. मुलं इतकं खरं लिहायला लागली की शिक्षकाला चढतं. एक लिखाण मला इतकं आवडलं की मी ते वर्गात वाचून दाखवलं, नाव न घेता, पण चाळीस मुलांच्या वर्गात नाव न घेणं याला काही अर्थ नसतो. त्यात मुलाच्या बापाच्या दारूचा उल्लेख होता. दुपारपर्यंत त्या मुलाला त्या ब्रँडच्या नावाने चिडवायला सुरुवात झाली आणि पुढे वर्षभर त्याने मागचं पान कोरं ठेवलं. मी माफी मागितली, तो म्हणाला "जाऊ द्या मॅडम". तेव्हापासून मला तो स्टेज आठवतो, वाहरू सोनवणे या भिल्ल कवीच्या कवितेतला, ज्यावर आम्ही गेलोच नाही, आम्हाला बोलावलंच नाही, आणि ते स्टेजवर उभे राहून आमचंच दुःख आम्हाला सांगत राहिले. मी त्या दिवशी त्या स्टेजवर होते. मुलांच्या लिखाणाचे फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकणारे, त्याचं सुंदर पीडीएफ करून वर "उपक्रमशील शिक्षक" म्हणून स्वतःचा फोटो लावणारे, सगळे त्याच स्टेजवर असतात.

म्हणून माझ्या मते लिहायला शिकवण्याआधी लपवायला शिकवायला पाहिजे. हे विचित्र वाटेल. पण फलटणच्या बेबी कांबळे बघा, छोटं किराणा दुकान चालवायच्या, पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतलं वाचायच्या आणि आपलं आयुष्य जवळजवळ वीस वर्षं नवऱ्यापासून, घरापासून लपवून लिहीत होत्या, 1986 ला त्याचं "जिणं आमुचं" झालं. कुणी त्यांना दुसऱ्याच वर्षी "वाचून दाखव बरं" म्हटलं असतं तर ते लिखाण तिथेच संपलं असतं. दुमडलेलं पान उघडायचं नाही, हा एक नियम सोडला तर बाकी पद्धती कुठलीही चालेल असं आता मला वाटतं.

दुसरा धोका याच्या उलट बाजूचा. ओळख शोधा म्हणता म्हणता आपणच ती चिकटवून टाकतो. एक विद्यार्थिनी मला सांगत होती, आता ती कॉलेजला आहे, की दर 14 एप्रिलला तिलाच कविता करायला सांगतात, सहा वर्षं झाली, आणि तिला लिहायचंय ते कृष्णविवरांबद्दल. बाबासाहेब तिचे आहेतच, ते कुणी तिला सांगायची गरज नाही, पण कृष्णविवरं फक्त पुण्यातल्या मुलांची आहेत का? आदिवासी मुलाने तारपा, ढोल आणि जंगल याच्याबद्दलच लिहावं, मुसलमान मुलीने ईद आणि शिरखुर्म्याबद्दलच, हे सूर्यफुलाच्या पाकळ्यांपेक्षा वाईट आहे, कारण इथे पाकळीतलं उत्तरही आपणच भरून ठेवलंय. ओळखीत "मी हा नाहीये" असं म्हणायची जागा पाहिजे. फळीवर काय आहे असा प्रश्न मला म्हणूनच बरा वाटतो, फळीवर माउलींची पोथीपण असते, मोबाईलचं जुनं चार्जरपण असतं आणि तिथून पोरगं कुठेही जाऊ शकतं.

हे सगळं लिहिलं की हमखास येणारे आक्षेप मला पाठ आहेत. वर्गात साठ मुलं, सिलॅबस संपत नाही, वर निवडणूक, सर्व्हे, पोर्टलवर माहिती भरणं, त्यात मागची पानं कोण वाचणार? खरं आहे. मी पण सगळी वाचत नाही, आठवड्याला एक रांग वाचते. बोर्डाने हे परीक्षेत घ्यावं असं मात्र चुकूनही म्हणणार नाही, कारण ज्या दिवशी "तुमच्या घरातील फळीचे वर्णन करा" पाच मार्कांना येईल त्या दिवशी जूनमध्येच बाजारात आदर्श फळी मिळायला लागेल. मार्कांच्या बाहेर ठेवा आणि वेळापत्रकात आठवड्याला एक तास द्या, एवढीच माझी मागणी आहे. आणि ट्रेनिंगमध्ये शिक्षकांना सूर्यफुलाच्या जागी स्वतःच्या घरातल्या कपाबद्दल एक पान लिहायला लावा, कारण ज्या बाईने स्वतः कधी खरं लिहिलं नाही तिला मुलांचं खरं ओळखू येत नाही, मी सात दिले ते त्यामुळेच.

आणि आता तर चॅटजीपीटी आलंय, "माझी आई" दहा सेकंदात, हवी तेवढी पानं. स्टाफरूममध्ये सगळे घाबरलेत की मुलं आता कॉपी करतील. मला कळत नाही यात नवीन काय आहे, आपण पन्नास वर्षं मुलांकडून मशीनसारखंच लिहून घेतलं आणि आता मशीन ते जास्त चांगलं करतं म्हणून तक्रार करतोय.

शहरातल्या इंग्रजी शाळांबद्दल मी फार बोलणार नाही, माझा अनुभव नाही. भाची मात्र तिकडे अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळेत जाते, तिथे तिने "माझा देश" म्हणून भारतावर दहा ओळी लिहिल्या होत्या, जिथे ती आयुष्यात तीनदा आलीय. मी तिला फोनवर म्हटलं की तुझ्या डब्यात काय असतं आणि शेजारची मुलगी त्याच्याकडे बघून काय म्हणते ते मराठीत लिही ना. तिने लिहिलं, अर्ध्या शब्दांची वाट लागली होती, पण तिची तिची पहिली मराठी ती होती.

यंदा पहिल्या चाचणीचा पेपर मीच काढलाय. "माझी आई" काढून टाकावं असं मनात होतं, पण मग बाकीचे शिक्षक म्हणाले मुलांना तेवढेच हुकमी मार्क मिळतात, तेही खोटं नाही, म्हणून तो विषय ठेवला आणि त्याच्या जोडीला दुसरा पर्याय दिला, आज सकाळी तुमच्या घरात सगळ्यात आधी कोण उठलं आणि त्याने काय काय केलं. पेपर वाटून झाला. दहा मिनिटं सगळे मान खाली घालून. मग तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला, "मॅडम, घरात मी एकटाच होतो. मीच उठलो. चालंल का?"

म्हटलं, चालेल.

"किती ओळी लिहायच्या?"